घरी काय सांगायचं?

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर साडीच्या दुकानात गादीवरचा एखादा मुरलेला माणूस बघत बसावा. साडी घेणाऱ्या बाईकडे तो फारसं बघत नाही. तो बघतो तिच्यासोबत आलेल्या बाईकडे. नणंद असो, जाऊ असो, नाहीतर शेजारीण, तिची भुवई जरा वर चढली की पुढ्यातली साडी बाजूला सरते आणि दुसरी उलगडते. घेणारीचं मन कुठे बसलंय हे त्याला केव्हाच कळलेलं असतं, पदरावरून तिचा हात दुसऱ्यांदा फिरला तेव्हाच. पण त्याचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. तो सहज बोलल्यासारखं म्हणतो, "वहिनी, असं बघा, हा रंग वयाला बांधलेला नाही. उद्या सासूबाईंना नेसावीशी वाटली तरी शोभेल."

सासूबाईंना ती साडी या जन्मी मिळणार नाही, हे दुकानात सगळ्यांना माहीत असतं. सोबत आलेल्या नणंदेला तर सगळ्यात आधी. तरी वहिनींचा चेहरा मोकळा होतो, कारण साडी त्यांना मघाशीच मिळाली होती. अडलं होतं ते घरी काय सांगायचं याच्यावर. ते आता मिळालं.

विक्रीच्या कलेवरची चार पुस्तकं मीही चाळली आहेत. हसतमुख राहा, गिऱ्हाइकाचं नाव लक्षात ठेवा, आपण कमी बोला आणि त्याला जास्त बोलू द्या, पहिल्या 'नाही'ला घाबरू नका, गेलेल्या गिऱ्हाइकाला आठवड्याने पुन्हा फोन करा. सगळं खरं आहे, आणि करणाऱ्याचा धंदा त्याने वाढतोही. फक्त ही पुस्तकं धरून चालतात की गिऱ्हाईक म्हणजे एक माणूस. आमच्या खानदेशात तसं नसतं. इथे एकटा आलेला माणूससुद्धा एकटा नसतो. त्याच्या डोक्यात ओसरीवर बसलेले वडील असतात, स्वयंपाकघरातून डोकावणारी बायको असते, आणि "केवढ्याला पडलं?" असं मुद्दाम कुंपणावरून विचारणारा शेजारी असतो. केवढ्याला आणलं, कशाला आणलं, आधीचं काय झालं, आणि सगळ्यात जहरी प्रश्न म्हणजे, "कोणी मारलं हे तुझ्या गळ्यात?" दुकानात नुसती बोलणी होतात. सौदा पक्का होतो तो घराच्या उंबऱ्यावर. म्हणून चांगला विक्रेता पिशवीत वस्तू घालतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडात उत्तर.

अमेरिकेत जॉन पॅटरसन नावाचे एक गृहस्थ दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं विकत. त्यांच्या कंपनीने १८८७ साली विक्रेत्यांसाठी एक पुस्तिका काढली आणि ती शब्द न् शब्द पाठ करायला लावली. गिऱ्हाईक असं म्हणालं तर तुम्ही तसं म्हणा. आज हॉटेलांच्या हॉलमध्ये टाय बांधून जी विक्रीची शिबिरं भरतात, त्यांचं कूळ तिथवर जातं. तशी पुस्तिका धुळ्याच्या पाच कंदिलाजवळ कुणी लिहिली असती, तर पहिल्या पानावर एकच शब्द असता: बठा. आधी बसवा. उभं असलेलं गिऱ्हाईक अर्धं रस्त्यावर असतं. बसल्यावर पाणी, आणि पाण्यानंतर चहा. चहाला लोक उगाच पाहुणचार समजतात. हातात गरम कप असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, आणि तेवढ्या वेळात तीन ठाणं उलगडून होतात. "आम्ही नुसतं बघायला आलो" असं कुणी म्हणालंच तर उत्तर अहिराणीत तयार असतं: "देखाले काय पैसा लागस?" बघायला पैसे लागत नाहीत, हे अगदी खरं. लागतात ते पुढे.

या सगळ्यांत पहिला नंबर मी बोहारणीला देईन. तिला दुकान नाही, नावाची पाटी नाही, गादी नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत जुन्या कपड्यांचं बोचकं. पण ती येते कधी? दुपारी, पुरुषमाणसं कामाला गेल्यावर. म्हणजे जाब विचारणारा घरात नसताना. आणि शेजारच्या दोघी-तिघी ओट्यावर असताना. त्या भावासाठी भांडायलाही उपयोगी आणि पुढे साक्षीलाही. ती आधी मोठं पातेलं दाखवते, दोन साड्या कमी पडतात म्हणते, पाटी उचलते, दहा पावलं जाते, आणि नेमकी ऐकू येईल इतक्याच अंतरावर थांबते. विक्रीच्या शिबिरांत ज्याला मोठी नावं आहेत ते सगळं या दहा पावलांत येतं. पण तिचं खरं कसब उत्तरात आहे. संध्याकाळी नवरा विचारतो, "हे पातेलं कुठून आलं?" बायको म्हणते, "पैसे कुठे दिले? तुमची ती जुनी पँट दिली." पँट जुनी नव्हती, पण आता वाद पँटीवर जातो. पातेलं सुटतं.

भावाचं उत्तर तर आपल्या बैलबाजारांनी पूर्वीच शोधून ठेवलं होतं. दलाल घेणाऱ्याचा हात धरणार, वर रुमाल टाकणार, आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा ठरणार. बाजूला पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोन हातांपलीकडे जायचा नाही. शहरी माणसाला हे लबाडीचं वाटतं. मला ते गिऱ्हाइकाच्या घरच्या अब्रूची काळजी घेणारं वाटतं. बैल जोखायला चार माणसं हवीत, दात मोजायला हवीत, चाल बघायला हवीत. पण किती दिले ते माणसाने घरी आपल्या सोयीने सांगावं. बापाला एक आकडा, मेहुण्याला एक, आणि ज्याने उसने दिले त्याला तिसरा.

सोन्याचं मात्र वेगळं. तिथे लपवायचं नसतं, सांगायचं असतं. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, आणि सराफ बाजारातल्या राजमल लखीचंद पेढीचं साल १८५४ सांगितलं जातं, म्हणजे जळगावात रेल्वे यायच्या आधीचं. लग्नसराईत आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला तिथे आसपासच्या जिल्ह्यांतलीच नाही, तर मध्य प्रदेशातलीही माणसं येतात. एवढं लांब यायचं कारण काय? गावोगावी सोनार आहेत, सोनं सगळीकडे सोनंच आहे. कारण पुन्हा तेच. मुलीच्या सासरी विचारतात, "कुठून केलं?" त्यावर "जळगावहून" एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न येत नाही. रतनलाल बाफना हे याच बाजारातल्या पेढीवर नोकरी करून शिकलेले. १९७४ साली त्यांनी स्वतःचं दुकान काढलं. आपल्या दुकानाच्या जाहिरातीत दागिन्यांइतकाच शाकाहाराचाही प्रचार करणारा सराफ मी दुसरा पाहिला नाही. ज्याला सोनं घ्यायचं नाही तोही ती पाटी वाचतो, आणि पाटी वाचणाऱ्याच्या मनात नकळत बसतं की एवढं पापपुण्य बघणारा माणूस वजनात खोट करणार नाही. ते शाकाहार मनापासून मानत आणि त्यांनी त्यासाठी आयुष्यभर पैसा ओतला. पण धंद्याच्या दृष्टीनेही याहून चांगलं काही सुचलं नसतं.

सराफाच्या काउंटरवरच्या माणसाची एक सवय मला फार आवडते. हार पसंत पडल्यावर गिऱ्हाईक घडणावळीवरून घासाघीस करू लागलं की तो आकडा कमी करण्याआधी आवाज कमी करतो, आणि मोडीचं बोलतो. "काका, उद्या मोडायची वेळ आली तर आमच्याकडेच आणा. घट किती जाईल ते आत्ताच पावतीवर लिहून देतो." विकत घेण्याच्या क्षणी विकायची गोष्ट काढणं हे पुस्तकात बसत नाही. शिबिरवाले म्हणतील, गिऱ्हाइकाच्या मनात नको ते कशाला आणता? पण काकांच्या मनात ते आधीपासूनच असतं. कापूस गेला, केळी वाऱ्याने आडवी झाली, कर्ज थकलं, तर हे सोनं हाताशी हवं, याच हिशेबाने ते आलेले असतात. आणि काकूंना दागिना हवा असतो. मोडीच्या त्या एका वाक्याने दोघांना आपापलं उत्तर मिळतं आणि पाकीट उघडतं. हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने २०२१ पासून आली, दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी क्रमांकही आला, ते बरंच झालं. तरी काका पावती भिंगाखाली नाही, काउंटरवरच्या माणसाच्या चेहऱ्याखाली धरून वाचतात.

पण खानदेशातली सगळ्यात अवघड विक्री सोन्याची नव्हती, पाण्याची होती. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन वाणिज्य आणि कायदा शिकलेले. सरकारी अधिकाऱ्याची चालून आलेली नोकरी सोडून त्यांनी १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. मग ट्रॅक्टर, खतं, बियाणं, पाइप अशा एजन्सीमागून एजन्सी घेतल्या. म्हणजे कारखानदार व्हायच्या आधी अनेक वर्षं ते दुसऱ्यांचा माल शेतकऱ्याच्या दारात नेऊन विकत होते, आणि दारात काय काय विचारतात ते ऐकत होते. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी ठिबक सिंचन हाती घेतलं. ठिबकाचं तंत्र इस्रायलमध्ये १९६० च्या दशकात वापरात आलं होतं, तिथल्या वाळवंटात. रावेर-यावलच्या केळीवाल्याला ते विकायचं म्हणजे काय, हे ज्याने केळीचा बाग पाहिला आहे त्यालाच कळेल. केळी हे तहानलेलं पीक. बापजाद्यांनी विहिरीवरून पाट सोडून बुडवून पाणी दिलेलं. त्या माणसाला सांगायचं की नळीतून थेंब थेंब सोड, केळी जास्त येईल, आणि या कमी पाण्यासाठी आधी एवढे हजार रुपये मोज.

शेतीशाळा शिकलेला मुलगा पटकन तयार व्हायचा. पण सातबारा बापाच्या नावावर. आणि बापाचा प्रश्न असा की त्याला कृषी पदवीधराकडेही उत्तर नाही: "केळीला पाणी पाजताय की दाखवताय?" तिथे माहितीपत्रक चालत नाही. लिटर, मीटर, टक्के चालत नाहीत. चालतं एकच, "मी डोळ्यांनी बघून आलो." जैन मंडळींनी हे वेळेत ओळखलं. जळगावजवळच्या खडकाळ टेकड्यांवर त्यांनी स्वतःच बागा उभ्या केल्या, आणि शेतकऱ्यांच्या बसगाड्या भरभरून तिथे आणल्या. हिंडवायचं, माती हातात घेऊ द्यायची, झाडाखालची ओल बोटाने उकरू द्यायची, पोटभर जेवू घालायचं, आणि परत सोडायचं. ऑर्डर तिथे मागायचीच नाही असं नाही. पण घाई कुणाला नसे. ती बस गावात परतली की त्या रात्री पारावर जी विक्री होई, ती कुठल्याही पगारी माणसाला जमली नसती.

माझ्या ओळखीचा ठिबकचा एक जुना एजंट सांगतो, "आम्ही मुलाला न्यायचोच नाही. मुलगा तर झालेलाच असायचा. बापाला न्यायचो, आणि खिडकीजवळ बसवायचो." शिवाय तो पहिला संच शक्यतो रस्त्याकडेच्या शेतात द्यायचा, प्रसंगी दोन पैसे कमी घेऊन. आत मधल्या शेतात कितीही उत्तम केळी आली तरी ती एकट्या मालकाची. रस्त्याकडेची केळी येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीची. आता तर कपाशीच्या बियाण्यांच्या कंपन्या शेताच्या बांधावर वाणाच्या नावाबरोबर शेतकऱ्याच्याही नावाची पाटी ठोकतात. त्या पाटीवर कंपनीचं नाव कुणी वाचत नाही. "हे तर अमक्याचं शेत" असं म्हणून लोक थांबतात. आणि अमक्याने स्वतःच्या नावाची पाटी लागल्यावर त्या वाणाला नावं ठेवायची सोय उरत नाही.

अमळनेरची गोष्ट निराळीच. तिथे २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. सनफ्लॉवर तूप आणि ७८७ नावाचा कपड्याचा साबण हा तिचा माल. तीच पुढची विप्रो. कंपनीचे शेअर अमळनेरातल्या साध्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी घेतले. शेअर म्हणजे काय हे पूर्ण न समजता घेणारेही त्यात असतील. त्यांना घरी सांगायला काय होतं? "कारखाना आपल्या गावात आहे, रोज दिसतो." एवढंच. पण तेवढं पुरलं, कारण दिसणाऱ्या कारखान्याला नाकारायचं कसं? ज्यांनी ते कागद कपाटात तसेच ठेवले, ती घरं पुढे कोट्यधीश झाली. मधेच घराच्या पत्र्यासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी ज्यांनी ते विकले, त्यांच्या घरात मात्र दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर अजून शोधणं चालू आहे.

वांग्यांचंही सोन्यासारखंच, गावाच्या नावावर चालतं. थंडीत जळगावच्या बाजारात जो तो आपली भरिताची वांगी आसोदा गावची म्हणून विकतो. ती सगळी खरोखर आसोद्याची असती तर आसोद्याला तालुक्याएवढं पसरावं लागलं असतं. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा निदान जिल्ह्याचं नाव तरी कायदेशीर झालं. विकणारीला त्याचं फारसं नाही. तिला माहीत आहे की पाहुण्यांच्या ताटात भरीत वाढताना यजमानाला गावाचं नाव घ्यायचं असतं, आणि ते ती वांग्याबरोबर फुकट देते.

एवढं कौतुक केल्यावर उलट बाजू सांगायलाच हवी. उत्तर देण्याची ही कला मालाशिवायही चालते, आणि तिथेच घात होतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पतसंस्था एकामागून एक बुडाल्या. ठेवी गोळा करणारे कुणी परके नव्हते. नात्यातले, गल्लीतले, शाळेत एका बाकावर बसलेले. घरी सांगायचं वाक्य त्यांनी तयारच आणलं होतं: आपलाच माणूस आहे. त्या वाक्यावर पेन्शनीचे पैसे गेले, लग्नाला ठेवलेले गेले. पण त्या वेळी मी एक फरकही पाहिला. गोळा करणाऱ्यांतले काही जण ठेवी बुडाल्यावरही दर आठवड्याला त्याच घरी जात राहिले, शिव्या खाल्ल्या, अर्ज लिहून दिले, कोर्टाच्या तारखांना सोबत गेले. आणि काही जण ती गल्ली टाळून बाजारात जाऊ लागले. पहिल्या प्रकारच्या एकाने नंतर पाइपचं दुकान काढलं. आज त्याच्याकडे तीच माणसं उधारीशिवाय, रोखीने माल घेतात. विकून झाल्यावर त्याच गल्लीतून मान वर करून जाता येणं, याच्याइतकी कामाची सवय मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. आणि ती शिबिरात शिकवता येईल असं वाटतही नाही.

आता ऑनलाइनचा जमाना आहे. तिथे गादी नाही, चहा नाही, "बठा" म्हणणारा नाही. पण त्या कंपन्यांनाही आपलं मर्म कळलेलं दिसतं. वस्तूची मोठी किंमत लिहून ती आडव्या रेघेने खोडतात आणि खाली लहान आकडा देतात. ती खोडलेली किंमत घेणाऱ्यासाठी नसते. पार्सल दारात आल्यावर "हे काय आणलं?" म्हणणाऱ्यासाठी असते. "अहो, तीन हजारांचं होतं, नऊशेला मिळालं." बोहारणीने पँटीवर जे साधलं ते इथे रेघेवर साधतात. फरक एवढाच की रेघेला दहा पावलं जाऊन थांबता येत नाही, आणि माल फाटका निघाला तर पुढच्या आठवड्यात त्याच दुपारी तिला ओट्यावर गाठताही येत नाही.

तेव्हा विक्रीच्या नोकरीत नव्याने लागलेल्या मुलामुलींनो, तुमच्या साहेबाने दिलेलं पाठांतर करा, टार्गेट गाठा, माझी हरकत नाही. फक्त समोरच्याला बजेट किती हे विचारण्याआधी घरी कोण कोण असतं ते विचारत चला, आणि उत्तर मनापासून ऐका. आणि एक विनंती विमा, कर्ज, प्लॉट विकणाऱ्यांना. मे महिन्यात जळगाव-धुळ्याला दुपारी दोन ते चार फोन करू नका. पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, जिल्हा झोपलेला असतो, आणि उठवलेला खानदेशी माणूस आजवर कुणाकडून काही विकत घेतल्याचं ऐकिवात नाही.